मोगलीची जुनी पुस्तकं जमवायची आहेत? नवख्यांसाठी पायरी पायरीने

मागच्या महिन्यात भाच्याने फोर्टातून फोटो पाठवला. छोटंसं लाल पुस्तक, मुखपृष्ठावर सोनेरी वर्तुळात हत्तीचं तोंड, सोंडेत कमळ, बाजूला स्वस्तिक. खाली मेसेज: "मामा, जंगल बुक! पहिली आवृत्ती आहे म्हणतोय. दोन हजार सांगतोय. घेऊ का?"

मी लिहिलं, "शीर्षकपान उलट आणि त्याच्या पाठीचा फोटो पाठव."

फोटो आला. पाठीवर पुनर्मुद्रणांची मोठी यादी होती, १८९४ पासून सुरू होऊन थेट विसाव्या शतकात उतरलेली. पुस्तक चांगलं होतं, पण पहिली आवृत्ती नव्हती. अशी चूक मी स्वतः दोनदा केली आहे, त्यातली एक चांगलीच महागात पडली. तुमची ती टळावी म्हणून हे लिहितोय.

रुडयार्ड किपलिंगचं 'द जंगल बुक' लंडनच्या मॅकमिलनने मे १८९४ मध्ये काढलं. 'द सेकंड जंगल बुक' १८९५ च्या नोव्हेंबरात आलं. लेखन झालं अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात, पण गोष्ट घडते ती सिवनीच्या डोंगरात आणि 'वैनगंगा'च्या काठी. ही आपलीच वैनगंगा, भंडारा-गडचिरोलीकडे उतरणारी. लेखकाचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, मुंबईतल्या जे. जे. कला विद्यालयाच्या आवारातला. वडील जॉन लॉकवूड किपलिंग तिथे शिल्पकला शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं त्यांचीच आणि पुस्तकातली काही चित्रंही त्यांचीच. त्यामुळे हे विलायती पुस्तक जमवताना मुंबईकराला थोडं घरचं वाटतं, आणि तिथेच आपण भावनेच्या भरात जास्त पैसे मोजतो.

आधी हे हाताशी ठेवा

- दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळ दुरुस्तीवाल्यांकडे असतं ते चालेल)
- छोटी बॅटरी, मऊ पट्टी आणि पेन्सिल. पुस्तकाजवळ पेन आणायचं नाही.
- वही किंवा फोनमधली यादी: कुठली आवृत्ती, किती चित्रं, किती पानं
- परदेशातून मागवणार असाल तर पॅन किंवा आधारची प्रत. कुरियरवाले केवायसी मागतात.
- संदर्भसूचीचं नाव तरी माहीत असावं. किपलिंगच्या पुस्तकांच्या तीन मोठ्या सूची आहेत: लिव्हिंग्स्टन (१९२७), स्ट्युअर्ट (१९५९) आणि रिचर्ड्स (२०१०). विक्रेत्याने वर्णनात यांपैकी एखादं नाव आणि पुढे क्रमांक दिला असेल, तर त्याने निदान पुस्तक उघडून ताडून पाहिलंय असं समजायला हरकत नाही.

१. कुठला मोगली हवा ते ठरवा

"मला पहिली आवृत्ती हवी" असं म्हणून सुरुवात करू नका. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात दूरदर्शनवरचा चड्डीतला मोगली असतो. पण पुस्तकांतला मोगली चित्रकारागणिक बदलत गेला आहे. आधी त्यातला आपल्याला कुठला आवडतो ते बघा. पैसे कुठे घालायचे ते मग आपोआप ठरतं.

सगळ्यात आधीची चित्रं पुस्तकाच्याही आधी मासिकात आली. 'सेंट निकोलस' नावाचं अमेरिकन मुलांचं मासिक होतं. जंगल बुकमधली रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाची गोष्ट त्यात नोव्हेंबर १८९३ ला आली, हत्तींच्या टुमाईची डिसेंबरात आणि याच पुस्तकातली मोगलीची पहिली गोष्ट जानेवारी १८९४ ला. म्हणजे पुस्तकाच्या चार महिने आधी. या मासिकाचे बांधीव सहामाही खंड मिळतात. विक्रेते ते 'जुनं मासिक' म्हणून विकतात, 'किपलिंग' म्हणून नाही, त्यामुळे किंमत फार चढलेली नसते. नवख्याने पहिली खरेदी म्हणून नोव्हेंबर १८९३ ते एप्रिल १८९४ चा खंड शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मॅकमिलनची निळी जोडी, १८९४ आणि १८९५. पहिल्या भागात चित्रकार तीन: वडील किपलिंग, डब्ल्यू. एच. ड्रेक आणि पॉल फ्रेन्झेनी. फ्रेन्झेनी जन्माने फ्रेंच, आणि त्याचं नाव झालं ते अमेरिकेच्या पश्चिम भागाची चित्रं काढून. त्यामुळे एकाच पुस्तकात चित्रांचा हात मध्येच बदललेला जाणवतो. दुसऱ्या भागाची सजावट एकट्या लॉकवूडची आहे. तिथे माणसांची, भांड्यांची, कपड्यांची रेष अशी आहे की काढणाऱ्याने हे सगळं जवळून पाहिलंय हे लगेच कळतं. माझा जीव या दुसऱ्या भागावर जास्त आहे. बाजारात तो पहिल्यापेक्षा स्वस्त मिळतो हे आणखी बरं.

अमेरिकन पहिली आवृत्ती न्यूयॉर्कच्या सेंच्युरी कंपनीची, तीही १८९४ ची. 'सेंट निकोलस' याच कंपनीचं.

रंगीत चित्रं हवी असतील तर डेटमोल्ड. मॉरिस आणि एडवर्ड हे जुळे भाऊ, जन्म १८८३ चा. १९०३ मध्ये, म्हणजे विशीत असताना, त्यांनी जंगल बुकवरच्या सोळा चित्रांचा सुट्ट्या पानांचा संच काढला. तो पूर्ण मिळणं जवळपास अशक्य. तीच चित्रं घालून मॅकमिलनने १९०८ मध्ये पुस्तक काढलं आणि सेंच्युरीने १९१३ मध्ये अमेरिकेत. १९०८ मध्येच मॉरिसने आत्महत्या केली, त्यामुळे दोघांनी मिळून केलेलं काम थोडंच आहे. यातल्या बगीराकडे आणि 'का' या अजगराकडे एकदा नीट बघा, बाकीची चित्रं फिकी वाटायला लागतात.

१९१९ ची पॅरिसची पॉल जूव्हची आवृत्तीही आहे. प्रती फक्त १२५. ती संग्रहालयात बघावी आणि घरी यावं.

आणि अगदी माफक खर्चात सुरुवात करायची असेल तर १९३३ चं 'ऑल द मोगली स्टोरीज', चित्रं स्टुअर्ट ट्रेसिलियनची. मोगलीच्या सगळ्या गोष्टी एकत्र, रेष दमदार, आणि हरवलं तर रडू येणार नाही.

२. पैसे काढण्याआधी फुकटात बघा

इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या आवृत्त्यांची आणि 'सेंट निकोलस'ची स्कॅन केलेली पानं आहेत. किपलिंग सोसायटीच्या संकेतस्थळावर प्रत्येक गोष्टीवर टिपा आहेत. दोन रविवार यात घाला. पहिल्या आवृत्तीचं शीर्षकपान, चित्रांची यादी, शेवटचं पान यांचे फोटो फोनमध्ये ठेवा. दुकानात उभं असताना हेच उपयोगी पडतात, कारण तिथे नेट कधी चालत नाही.

३. शीर्षकपानाच्या पाठीवर काय आहे ते वाचा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. शीर्षकपानावर १८९४ असणं पुरेसं नाही. पुस्तक इतकं खपलं की त्याच वर्षी ते पुन्हा छापावं लागलं. मॅकमिलनची पद्धत अशी की पुनर्मुद्रणं पानाच्या पाठीवर क्रमाने लिहायची. तिथे पुनर्मुद्रणाचा उल्लेख असेल तर विषय संपला, पुढे कितीही सोनेरी हत्ती असू देत.

हत्तींचं म्हणाल तर खऱ्या पहिल्या आवृत्तीचं कापड निळं, त्यावर सोनेरी हत्ती, पानांच्या तिन्ही कडा सोनेरी, आत गडद रंगाचं अस्तर (मुखपृष्ठाच्या आतून चिकटवलेला कागद). शीर्षकपानासमोरच्या चित्रावर पातळ कागदाचा पडदा असतो. तो बहुतेकदा गळून गेलेला असतो. पहिल्या भागाचा मजकूर पान २१२ ला संपतो, दुसऱ्याचा २३८ ला. पण नंतरची पुनर्मुद्रणंही याच निळ्या-सोनेरी रूपात निघत राहिली. म्हणून बाहेरून ओळखायला जाऊ नका. मी गेलो होतो. एका ऑनलाइन विक्रेत्याच्या यादीत फक्त मुखपृष्ठाचा फोटो आणि '१८९४' एवढंच होतं. पार्सल फोडलं, पान उलटलं, तर पाठीवर पुनर्मुद्रणाची ओळ. विक्रेत्याचं उत्तर आलं: "मी कुठे पहिली आवृत्ती म्हटलं होतं?" खरंच म्हटलं नव्हतं.

आणखी तीन गोष्टी इथेच सांगून टाकतो.

हत्तीचं तोंड आणि स्वस्तिक: हे चिन्ह किपलिंगच्या कितीतरी पुस्तकांवर आहे, विशेषतः नंतरच्या खिशात मावणाऱ्या लाल आवृत्त्यांवर. ते वडिलांच्या हातचं, आपल्या गणपतीवरून घेतलेलं. जर्मनीत नाझींनी स्वस्तिक उचलल्यावर १९३० च्या दशकात किपलिंगने ते आपल्या पुस्तकांवरून काढायला लावलं. म्हणजे स्वस्तिक दिसलं तर पुस्तक बहुधा त्याआधीचं, एवढंच. त्यावरून पहिली आवृत्ती ठरत नाही.

"फक्त हिंदुस्थान आणि वसाहतींत विक्रीसाठी" अशा अर्थाची ओळ: ब्रिटिश प्रकाशक आपल्याकडे पाठवायला स्वस्त आवृत्त्या वेगळ्या काढत. आपल्या पदपथांवर जुनी इंग्रजी पुस्तकं चाळताना ही ओळ वारंवार भेटते. अशी प्रत इतिहास म्हणून गोड असते, पण लंडनच्या पहिल्या आवृत्तीचा भाव तिला द्यायचा नाही.

जुळवलेली जोडी: दुसऱ्या भागाची खरी पहिली आवृत्ती आणि पहिल्या भागाचं पुनर्मुद्रण एकत्र करून 'पहिल्या आवृत्तीची जोडी' म्हणून विकतात. दोन्ही पुस्तकांची पानं वेगवेगळी तपासा.

४. चित्रं मोजा, मग पुन्हा मोजा

डेटमोल्डच्या पुस्तकात रंगीत चित्रं सोळा. ती वेगळ्या कागदावर छापून मध्ये घातलेली असतात, म्हणून काढायलाही सोपी. लोक ती काढून फ्रेम करून विकतात. एका पुस्तकापेक्षा सोळा फ्रेमना पैसे जास्त मिळतात, हिशेब सरळ आहे.

माझी दुसरी चूक इथली. पुस्तक हातात घेऊन, उलटसुलट करून, खुशीत विकत घेतलं. रात्री जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून चित्रांच्या यादीशी एकेक जुळवत बसलो. पंधरा. पुन्हा मोजली. पंधराच. मग एका मजकुराच्या पानावर नजर अडकली. पान मधोमध किंचित तपकिरी होतं, कडांना उजळ, नेमका चित्राच्या आकाराचा चौकोन. शंभर वर्षं समोरचं चित्र त्या पानाला टेकून होतं, त्याची सावली राहिली होती आणि चित्र नव्हतं. भिंगातून शिवणीजवळ पाहिलं तर कागदाची दोन मिलिमीटरची चिंधी होती. ब्लेडने कापलेलं.

म्हणून दुकानातच चित्रांची यादी उघडा आणि प्रत्येक चित्राचं पान काढून बघा. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याला लेखी विचारा: "सगळी चित्रं आहेत का? किती आहेत?" "पूर्ण असावं असं वाटतं" हे उत्तर म्हणजे 'नाही' समजा.

५. बांधणी, कागद आणि छपाई

जुन्या पुस्तकाला सुरेख चामड्याची नवी बांधणी केलेली दिसली की नवख्याचा जीव वर-खाली होतो. संग्राहकाच्या बाजारात मात्र मूळ कापड, ते विटलेलं का असेना, जास्त मोलाचं. नव्या बांधणीत कडा कापलेल्या असतात, जुनं अस्तर गेलेलं असतं, कधी कधी जाहिरातींची पानंही.

तपकिरी ठिपके बहुतेक सगळ्या प्रतींवर असतात. मजकुरावर असतील तर चालवून घ्या, चित्रांवर असतील तर भाव पाडा. कसरीने खाल्लेल्या कडा आणि वाळवीची भोकं यांत फरक करा. कसर वरवर कुरतडते, वाळवी आरपार जाते. पुस्तक नाकाशी धरा. कुबट वास असेल तर बुरशी आहे, आणि ती तुमच्या बाकीच्या पुस्तकांत जाईल. असं पुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नका.

नकली प्रतींबद्दल एक गैरसमज आहे. भिंगातून चित्रात ठिपके दिसले की आधुनिक नक्कल, असं ठोकून सांगणारे भेटतात. पण १८९० च्या दशकात मासिकांतून ठिपक्यांची हाफटोन छपाई आली होती, त्यामुळे नुसत्या ठिपक्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा मजकूर बघा. खिळे जुळवून दाबाने छापलेल्या पानावर बॅटरीचा उजेड बाजूने आडवा टाकला की पाठच्या बाजूला अक्षरांचा दाब दिसतो, बोटालाही लागतो. आजच्या नकलेचं पान सपाट असतं.

६. कुठे शोधायचं

मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची जुन्या पुस्तकांची दुकानं. खरं सांगायचं तर १८९४ ची प्रत पदपथावर मिळण्याची आशा धरू नका. लाल छोट्या आवृत्त्या, शाळेच्या बक्षिसाचा कागद चिकटवलेल्या प्रती, क्वचित जुन्या मासिकांचे खंड, हे मिळतं. भाव करताना "किपलिंग" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "ते लाल पुस्तक केवढ्याला?" बस.

ऑनलाइन शोधायला एबबुक्स आणि व्हायालिब्री. मोठी खरेदी मात्र आंतरराष्ट्रीय जुन्या पुस्तक विक्रेत्यांच्या संघटनेचा, म्हणजे आयलॅबचा, सदस्य असलेल्याकडूनच करा. पुस्तक वर्णनाप्रमाणे निघालं नाही तर ते परत घेतात. चांगल्या स्थितीतल्या निळ्या जोडीचा भाव हजारो पौंडांत असतो, म्हणजे आपल्याकडे लाखांत. त्या रकमेला तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

७. पार्सल आणि कागदपत्रं

परदेशातून मागवताना विक्रेत्याकडून सविस्तर बिल घ्या. त्यावर लेखक, प्रकाशक, वर्ष, कितवं मुद्रण, चित्रांची संख्या आणि किंमत असलीच पाहिजे. "किंमत कमी दाखवू का?" असं काही विक्रेते आपुलकीने विचारतात. नको म्हणा. पार्सल हरवलं तर विमा त्या खोट्या किमतीचाच मिळेल, आणि सीमाशुल्कवाल्यांपुढे खोटे पडाल ते वेगळंच. आयात केलेल्या छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के सीमाशुल्क आलं. मागवायच्या दिवशी चालू दर कुरियर कंपनीला विचारा, शिवाय तिचं हाताळणीचं शुल्क वेगळं असतं.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी उलटी गोष्ट. इथे सुट्टीत येऊन जुनं पुस्तक घेतलंत आणि ते शंभर वर्षांहून जुनं असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात घ्या. बॅगेत टाकून विमानतळ गाठण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करा. वस्तू पुरावस्तूत मोडत नसेल तर तसं प्रमाणपत्र मिळतं. निघायच्या आदल्या दिवशी हे होत नाही, आठ-पंधरा दिवस हाताशी ठेवा.

बिल, विक्रेत्याचा पत्रव्यवहार, आल्याआल्या काढलेले फोटो, सगळं एका पाकिटात. पाकीट पुस्तकाच्या आत ठेवू नका, बांधणी फाकते.

८. घरी आणल्यावर

जून ते सप्टेंबर हा खरा शत्रू. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल तिथूनच येते. पुस्तकं उभी ठेवा, खेचून काढावी लागतील इतकी दाटून नकोत. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी वाळवा. डांबराच्या गोळ्या पुस्तकात घालू नका. सेलोटेप तर घरातूनच हद्दपार करा. त्याचा पिवळा चिकट पट्टा पानातून निघता निघत नाही. श्रावणात दोन सरींच्या मध्ये ऊन पडलं की कपाटाची दारं तासभर उघडी टाका, पण पुस्तकं उन्हात नकोत. निळं कापड बघता बघता उडतं.

आत कोणाचं नाव, तारीख, अर्पण लिहिलेलं असेल तर ते खोडायचं नाही. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या विंपोल हॉलच्या ग्रंथालयात जंगल बुकची एक पहिली आवृत्ती सापडली. आत किपलिंगच्या हातचं लिहिलेलं: हे पुस्तक जोसेफिन किपलिंगचं, तिच्या वडिलांनी ते तिच्यासाठी लिहिलं, मे १८९४. जोसेफिन तेव्हा दीड वर्षाची होती आणि सहाव्या वर्षीच गेली. कोणी 'स्वच्छ प्रत' करायला ते पान खरवडलं असतं तर?

भाच्याने ते लाल पुस्तक शेवटी साडेतीनशेला घेतलं. घरी आणल्यावर त्याच्या आजीने हत्तीचं तोंड आणि स्वस्तिक पाहिलं, देव्हाऱ्यापाशी नेलं आणि कुंकवाचं बोट टेकवलं. आता मुखपृष्ठावर लाल कापडावर आणखी एक लाल ठिपका आहे. वहीत मी त्याची नोंद 'मुखपृष्ठावर डाग, उगम ज्ञात' अशी केली आहे.